मुलांची राखण

पूर्वी मूल घराबाहेर पडू लागले की आई आतूनच विचारी, “कोठे निघालास? बरोबर कोण आहे? दिवेलागणीच्या आत घरी ये हं.” एवढ्या तीन वाक्यांत मुलांच्या राखणीचे सारे शास्त्र सामावलेले असे. जागा, सोबत आणि वेळ या तिहींचा पत्ता लागला म्हणजे आई निर्धास्त होई. शिवाय आळीतली, वाड्यातली चार वडीलधारी माणसे येताजाता पोरांवर नजर ठेवीत. अनोळखी मनुष्य बोळात दोनदा दिसला, तर तिसऱ्या वेळी कोणीतरी त्याला हटकल्यावाचून राहत नसे. ही व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. ओळखीच्याच माणसांनी केलेले अत्याचार त्याही काळी घडत आणि बहुधा घरातल्या घरात दडपले जात. पण परक्याला मुलापर्यंत पोहोचावयाचे तर उंबरठा ओलांडावा लागे, आणि तो ओलांडताना तो कोणाच्या तरी दृष्टीस पडे.

आज तेच मूल आईपासून चार हातांवर, कोचावर पाय घेऊन, मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले असते. बाहेर ऊन आहे, रस्त्यावर वाहने आहेत; त्यापेक्षा पोर डोळ्यांसमोर घरात आहे, या विचाराने आईला बरे वाटते. वस्तुतः ते मूल या क्षणी कोठे आहे, त्याच्याबरोबर कोण आहे आणि ते तेथून केव्हा परतणार आहे, या तीन जुन्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर तिच्यापाशी नसते. मूल घरात असणे आणि मूल सुरक्षित असणे या दोन गोष्टी एक राहिल्या नाहीत, हे लक्षात घेतल्याशिवाय इंटरनेट आणि मुले या विषयाची उकल होणे कठीण आहे.

हा बदल किती थोड्या अवधीत झाला, तेही पाहण्यासारखे आहे. भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतर कितीतरी वर्षे ते शहरातील कचेऱ्यांचे आणि सायबर कॅफेंचे प्रकरण होते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि इंटरनेट खेड्यातल्या ओसरीवर आले. तरीही मुलांच्या हाती फोन द्यावा की न द्यावा, हा प्रश्न निदान पालकांच्या अखत्यारीत होता. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळांची दारे बंद झाली आणि तोही अधिकार गेला. ज्या फोनला हात लावल्याबद्दल कालपर्यंत बोलणी बसत, तोच फोन शाळेनेच मुलांच्या हाती द्यावयास लावला. पुढे शाळा उघडल्या; फोन मात्र मुलांच्या हातातून परत आला नाही.

ग्रामीण शिक्षणाची ‘असर’ या नावाने जी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांविषयी काही आकडे आहेत. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशा मुलांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. यात दचकण्यासारखे काही नाही. त्या वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा मित्र अधिक प्रिय असतात, हे आपल्या पिढीलाही ठाऊक आहे. खरे दचकावे ते पुढच्या आकड्यांपाशी. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी त्रास देणाऱ्याचे खाते अडवावे कसे किंवा त्याची तक्रार कशी करावी, हे ६२ टक्के मुलांना माहीत होते. आपले खाते खासगी कसे ठेवावे, हे ५५ टक्के मुलांना. म्हणजे दहा मुलांमागे चार मुले अशा गर्दीत वावरत आहेत, जेथे नको असलेल्या माणसाला दूर कसे करावे हेच त्यांना कोणी शिकविलेले नाही. “आमच्या बंड्याला मोबाइलमधले सगळे समजते,” असे कौतुकाने सांगणाऱ्या पालकांनी हा फरक ध्यानी घ्यावा. मुलाला यंत्र समजते, पण त्या यंत्रापलीकडचा माणूस समजण्याचे त्याचे वय नसते. पालकांना यंत्र समजत नसेल. माणसे मात्र त्यांना समजतात, आणि या प्रकरणी उपयोगी पडते ते मुख्यतः हे दुसरे ज्ञान.

धोका कोणता, याविषयी आपल्याकडे पुष्कळदा भलत्याच दिशेने बोलले जाते. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या एका खेळाच्या वार्तेने देशभर घबराट उडविली होती. हा खेळ मुलांना टप्प्याटप्प्याने आत्महत्येपर्यंत नेतो, असे संदेश घरोघरी फिरले, शाळांनी परिपत्रके काढली. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने प्रकरणे तपासली, तेव्हा त्या खेळामुळे मृत्यू घडल्याचा पुरावा आढळला नाही आणि सरकारने ते संसदेत सांगितले. तोवर पालकांच्या मनात इंटरनेटच्या धोक्याचे जे चित्र ठसले, ते मात्र एखाद्या मायावी राक्षसाचे होते. खरा धोका याच्या अगदी उलट स्वरूपाचा आहे. तो गोड बोलतो, आणि मुलाचे घरी कोणी ऐकून घेत नसेल तर तो मन लावून ऐकतो.

या माणसाची रीत एकदा नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती बहुतेक ठिकाणी एकाच साच्याची असते. एखाद्या खेळात, जेथे खेळता खेळता इतरांशी बोलता येते तेथे, किंवा एखाद्या चित्राखालील अभिप्रायांत ओळख होते. समोरचा आपण त्याच वयाचे असल्याचे सांगतो. खात्यावरील चित्रही त्या वयाच्या मुलाचे वा मुलीचे असते, अर्थात दुसऱ्याच कोणाचे तरी उचललेले. मग स्तुती होते. खेळात लागणारी नाणी किंवा पोशाख भेट मिळतात. पुढे अगदी सहज वाटणारे प्रश्न येतात: तू एकटाच आहेस का, आईबाबा कामावरून किती वाजता येतात, हा फोन तुझा स्वतःचा की घरातला? या प्रश्नांचा हेतू एकच, की आपले बोलणे दुसरे कोणी वाचील काय, ते पाहून घ्यावे. उत्तर सोयीचे मिळाले की संभाषण त्या चव्हाट्यावरून एखाद्या खासगी संदेशांच्या ॲपवर नेले जाते. तेथे गुपिते सांगितली जातात आणि “हे आपल्या दोघांतच राहू दे” हे वाक्य येते. पालकांनी मुलांना एकच खूण शिकवावयाची असेल तर ती ही शिकवावी. जो मोठा माणूस किंवा जो नवा मित्र घरापासून गोष्ट लपवावयास सांगतो, तेथे काहीतरी वावगे आहे.

यानंतर एक छायाचित्र मागितले जाते. पहिले साधे असते, दुसरे तितके साधे नसते. काही वेळा समोरून आधी एक चित्र पाठविले जाते, म्हणजे परतफेड करणे मुलाला भाग पडते. आणि ज्या क्षणी ते चित्र पलीकडे पोहोचते, त्या क्षणी मैत्री संपते. आतापर्यंत गोड बोलणारा तोच माणूस मुलाच्या मित्रांची, मावशीची, वर्गशिक्षिकेची नावे एकामागून एक पाठवितो आणि विचारतो, यांतल्या कोणाला आधी पाठवू? मुलगी असेल तर बहुधा आणखी चित्रे मागितली जातात. मुलगा असेल तर पैसे. पैशांसाठी असा धाक घालणाऱ्यांचे सावज बहुतांशी किशोरवयीन मुलगे असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने दिला आहे, आणि आपल्याकडील मुलग्यांच्या पालकांनी तो ऐकण्यासारखा आहे. कारण “मुलगा आहे, त्याला काय होणार” हे वाक्य आपल्या घरांत फार सैलपणे उच्चारले जाते. ओळख झाल्यापासून पहिली धमकी येईपर्यंत काही वेळा महिने जातात, काही वेळा एक संध्याकाळ पुरते.

आता त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. वय चौदा. रात्रीचे साडेअकरा. पलीकडच्या खोलीत आईबाबा झोपलेले. फोनवर दर मिनिटाला नवा संदेश. या घडीला मुलाने उठून आईला जागे केले, तर प्रकरण तेथेच बरेचसे संपते. कारण त्या माणसाचे सारे बळ मुलाच्या एकटेपणावर उभे असते. तरीही मूल उठत नाही. का उठत नाही, याचे उत्तर त्या रात्रीत नसून आधीच्या पाचसात वर्षांत असते. गृहपाठ राहिला तेव्हा फोन काढून घेतला गेला होता. खेळात पैसे गेले तेव्हा चारचौघांत पाणउतारा झाला होता. वर्तमानपत्रातील अशीच एखादी बातमी वाचून जेवताना बाबा म्हणाले होते, “अशा पोरींना फोन देतातच कशाला?” ते वाक्य बाबा कधीच विसरले, ताटावर बसलेल्या मुलीने ते जपून ठेवले.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. ‘असर’च्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांजवळ. अनेक घरांत मुलीला फोन मिळतो तो उपकार म्हणून, आणि पहिल्या तक्रारीबरोबर तो जातो. फोनबरोबर शिकवणी जाते, मैत्रिणी जातात. कित्येक घरांत तर “आता शिक्षण पुरे, स्थळे पाहू” येथवर मजल जाते. गुन्हा दुसऱ्याने करावयाचा आणि शिक्षा आपण भोगावयाची, हा हिशेब मुलीला पक्का ठाऊक असतो. मग तिने गप्प राहून त्या माणसाचे म्हणणे ऐकत राहावे, यात तिचा अविचार नाही. दोन संकटांतले जे लहान वाटले, ते तिने पत्करले, एवढेच.

म्हणून राखणीचा आरंभ कोणत्याही ॲपपासून होत नाही. तो एका शब्दापासून होतो, आणि तो शब्द पालकांनी संकट येण्याच्या पुष्कळ आधी द्यावयाचा असतो: काहीही घडले, चूक तुझी असली तरी, मला येऊन सांगितलेस तर मी तुझा फोन काढून घेणार नाही आणि तुला रागावणार नाही. हे एकदा बोलून भागत नाही. लहानसहान प्रसंगी मूल त्या शब्दाची परीक्षा घेते. एखादे अचकटविचकट चित्र अचानक समोर आले आणि नऊ वर्षांचे पोर बावरून सांगावयास आले, तर “तू तेथे गेलासच कशाला?” हा प्रश्न ओठांवर येतो. तो गिळून “बरे केलेस सांगितलेस” एवढेच म्हणणारी आई पुढच्या पाच वर्षांची तजवीज करून ठेवते.

मूल येऊन सांगते, त्यानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो, आणि नेमक्या त्याच तासात घरोघरी मोठ्या चुका होतात. रागाच्या भरात बाप फोन आपटतो किंवा सर्व संदेश पुसून टाकतो. त्याबरोबर पुरावाही जातो. काही घरांत “एकदाचे पैसे देऊन टाका आणि मिटवा” असे ठरते. पण एकदा पैसे देणारे घर पुन्हा देईल, हे त्या माणसाला कळते आणि मागणी वाढते. योग्य क्रम असा. मुलाला जवळ बसवावे, त्याला एकटे झोपू देऊ नये. पैसे देऊ नयेत, नवे चित्र पाठवू नये, वाद घालू नये. धमकीचे संदेश, समोरच्या खात्याचे नाव व पत्ता, फोन क्रमांक, पैसे मागितलेला यूपीआय पत्ता यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्यानंतर त्या माणसाला अडवावे. मुलाचे ते चित्र मात्र पुरावा म्हणून कोणालाही पाठवू नये. काकाला नाही, मुख्याध्यापकांना नाही, वकिलालाही नाही. अठरा वर्षांखालील मुलाचे असे चित्र पुढे पाठविणे हा हेतू कितीही चांगला असला तरी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरू शकतो. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवावा.

तक्रारीची दारे तीन आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन, यावर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग असून तेथे नाव न देताही खबर देता येते. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती थोपविण्याची जी काही शक्यता असते, ती पहिल्या काही तासांतच असते. तिसरा क्रमांक १०९८, मुलांची मदतवाहिनी. हिचा जन्म १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून झाला. आरंभी ती रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी होती, आज ती देशातील कोणत्याही मुलासाठी आहे आणि मूल स्वतः तेथे फोन करू शकते. चित्र पसरण्याची भीती असेल तर आणखी एक उपाय आहे. अमेरिकेतील हरवलेल्या व पीडित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा सुरू केली. चित्र मुलाच्या फोनमध्येच राहते. त्याचा केवळ एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारे चित्र आपल्या मंचावर शोधून काढून टाकू शकतात. हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही, पण आपले चित्र परत मिळविण्यासाठी आपण काहीच करू शकत नाही, या भावनेतून तो मुलाला बाहेर काढतो.

पोलीस हा शब्द निघाला की मध्यमवर्गीय घर बिचकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चावडीवर नाव जाईल, मुलीला चौकीत बसवून नको ते विचारतील, ही धास्ती असते. म्हणून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, जो पॉक्सो या नावाने परिचित आहे, त्यात काय लिहिले आहे हे पालकांनी जाणून घ्यावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावयाचा आहे. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यावयाचा आहे आणि जबाब घेताना अंगावर गणवेश नसावा. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती त्या वेळी हजर राहू शकते. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री चौकीत ठेवता येत नाही आणि त्याची ओळख पटेल असे काही वृत्तपत्रांना छापता येत नाही. जबाबासाठी दुभाष्याची मदत घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. हैदराबाद, बडोदे, चेन्नई येथे राहणाऱ्या आणि अशा प्रसंगी आपल्या भाषेतच मन मोकळे करू शकणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती ध्यानात ठेवावी. गुन्हेगार कोठे बसला आहे ते कळत नाही, म्हणून हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवितील ही भीतीही आता बाळगू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. कागदावरील तरतूद आणि ठाण्यातील अनुभव यांत अंतर पडते, हे खरेच. पण तरतूद माहीत असलेल्या पालकाशी ठाणेही निराळे बोलते.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चित्र मिळाले, पैसे गेले, म्हणजेच गुन्हा झाला, असे नाही. मुलांना फूस लावून लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधात ओढणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब या कलमाखाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच, असे साहित्य नुसते बाळगणेही निर्धोक नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर हे अधिकच स्पष्ट झाले आहे. एखाद्या मुलावरील अत्याचाराची चित्रफीत “या नराधमाला ओळखा” असे लिहून गटागटांतून पाठविणाऱ्या सज्जनांनी याचा विचार करावा. ते साहाय्य करीत नसतात. त्या मुलाची विटंबना पुन्हा पुन्हा करीत असतात, आणि स्वतःही कायद्याच्या कचाट्यात सापडत असतात.

परका माणूस हा धोक्याचा एक भाग झाला. वर्गातील मुलेच एकमेकांना छळतात, तेव्हा ते दुःख निराळे असते. पूर्वी शाळा सुटली की चिडवणे सुटे. आता ते दप्तराबरोबर घरी येते आणि रात्री उशाशी असते. त्यात अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. स्नेहसंमेलनातील साध्या छायाचित्रावरून मुलीचे विवस्त्र वाटेल असे खोटे चित्र काही क्षणांत करता येते आणि करणारा पुष्कळदा पंधरा वर्षांचा मुलगा असतो, ज्याला ती थट्टा वाटते. पॉक्सो कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा संगणकाने बनविलेल्या किंवा फेरफार केलेल्या चित्रांचाही त्यात समावेश झाला. म्हणून “ते खोटेच आहे, सोडून द्या” असे शाळेने म्हणू नये, आणि मुलाच्या आईबापांनीही आपल्या चिरंजीवांना हे आधीच समजावून सांगावे. आपले मूल सावज होईल याची काळजी सर्वांना असते. ते शिकारी होईल, ही शक्यता कोणी विचारात घेत नाही.

राहिली कुलुपे. गूगलचे फॅमिली लिंक, ॲपलच्या फोनमधील स्क्रीन टाइम अशा विनामूल्य सोयी आहेत. त्यांनी वेळेची मर्यादा घालता येते, नवे ॲप घेताना पालकाची संमती लागते, वाईट संकेतस्थळे काही अंशी अडतात. दहा वर्षांच्या आतील मुलांसाठी त्या जरूर वापराव्यात. पण संभाषणाच्या आत काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला मित्राचा फोन असतोच. मुलाला न सांगता त्याचे संदेश वाचणे तर टाळावेच. ते उघडकीस आले की मूल फोन लपविण्यापेक्षा स्वतःला लपवू लागते. वयाच्या मर्यादेचेही असेच. बहुतेक समाजमाध्यमांची तेरा वर्षांची अट ऐकून त्यामागे काही मानसशास्त्रीय संशोधन असावे, असे वाटते. वास्तविक ती १९९८ च्या एका अमेरिकन कायद्यातून आली. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असे त्यात होते; कंपन्यांनी संमतीची कटकट टाळून तेरा हाच उंबरठा ठरविला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मूल म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती असे धरले असून, त्यांची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले व अंमलबजावणीचे टप्पे ठरले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु जन्मवर्षाच्या रकान्यात खोटा आकडा भरताना मुलाच्या शेजारी बसून त्याला साहाय्य करणारे वडीलच असतील, तर कोणता कायदा काय करणार?

त्या कायद्याने पाळतीचा उल्लेख केला आहे, तो का, हेही थोडे सांगितले पाहिजे. मूल चित्रफिती पाहते, तेव्हा पुढची कोणती दाखवावी हे ते स्वतः ठरवीत नाही. कोणत्या दृश्यावर त्याचा अंगठा क्षणभर थांबला, कोणते त्याने पुन्हा पाहिले, याची यंत्र नोंद ठेवते आणि त्याच जातीचे, किंचित अधिक तीव्र असे पुढे करते. तेरा वर्षांच्या मुलीने एकदा वजन कमी करण्याची एक चित्रफीत कुतूहलाने पाहिली, तर आठवडाभरात तिच्यापुढे उपाशी राहण्याचे गोडवे गाणाऱ्या मुलींची रांग लागू शकते. कोणी दुष्टाने ती लावलेली नसते. ती अधिक वेळ थांबावी एवढाच यंत्राचा हिशेब असतो. अधूनमधून मुलाजवळ बसून “तुला हल्ली काय काय दाखवतात रे?” असे विचारावे आणि दहा मिनिटे निमूटपणे पाहावे. मुलाच्या मनात काय घोळते आहे, हे प्रगतिपुस्तकापेक्षा त्या दहा मिनिटांत अधिक कळते.

घरातील नियम थोडे आणि सर्वांना सारखे असावेत. रात्री सर्वांचे फोन, बाबांचाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागावेत. जेवताना कोणीच हाती घेऊ नये. लहान मुलांनी बंद दाराआड फोन वापरू नये. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार चालतात, तो खेळावयास देऊ नये. आणि मुलांची छायाचित्रे जगापुढे मांडण्याचा पालकांचा स्वतःचा सोसही आवरावा. शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशातील छायाचित्र, त्यावर शाळेचे नाव, मागे इमारतीची पाटी, खाली “आमची पिल्लू आजपासून पहिलीत”. एवढ्यावरून मुलीचे नाव, वय, शाळा आणि घर अनोळखी माणसाला बसल्या जागी कळते.

आईवडील दोघेही नोकरीला जातात अशा घरांत दुपारी मुलांजवळ आजीआजोबा असतात. त्यांना फोनमधले फारसे कळत नाही, म्हणून या विषयातून त्यांना वगळले जाते. पण मूल रडवेले होऊन पहिल्यांदा पुष्कळदा त्यांच्याच कुशीत शिरते. कारण आजी फोन काढून घेत नाही, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर गॅसवाल्याचा आणि डॉक्टरांचा क्रमांक जेथे लिहून ठेवलेला असतो, तेथेच त्याखाली १०९८ आणि १९३० हे दोन आकडे ठळक लिहून ठेवावेत, आणि ते कशासाठी आहेत हे आजीला व नातवंडांना एकाच वेळी, एकत्र बसवून सांगावे.